जंगल, पडके अवशेष आणि देवस्थानांचा दिवसभराचा ट्रेक करताय? या चुका टाळा

जंगल, पडक्या भिंती, वाटेवरची छोटी देवस्थानं हे सगळं एका दिवसात करायचं म्हटलं की लोक आधी किलोमीटर बघतात आणि तिथेच गडबड होते. १८-२० किमी काय, होऊन जाईल असं वाटतं, पण अशा वाटेवर अंतरापेक्षा वेळ जास्त घात करते, कारण थोडं चाललं की थांबावंसं वाटेल असं काहीतरी समोर येतंच. थांबलंही पाहिजे, नाहीतर ही वाट निवडली कशाला? फक्त ते थांबणं आधीच हिशोबात धरा.

हिशोब सोपा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मधे एक ठोकताळा दिला तो अजून वापरला जातो, ताशी साधारण ५ किमी आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. म्हणजे २० किमी आणि ९०० मीटर चढ असेल तर ४ अधिक दीड, साडेपाच तास. पण हे फिट माणसाचं, चांगल्या वाटेवरचं, कुठेही न थांबता चालण्याचं गणित झालं. त्यात आठ ठिकाणी पंधरा-पंधरा मिनिटं थांबलात की दोन तास गेले, जेवणाचा अर्धा तास, झाले आठ. मुळं, चिखल, सुटे दगड असतील किंवा सोबत कोणी हळू चालणारं असेल तर नऊ-दहा धरा. आता सूर्यास्तापासून उलटं मोजत या आणि निघायची वेळ ठरवा, आणि हो, दाट झाडीत सूर्यास्ताच्या बरंच आधी अंधारायला लागतं, त्यामुळे शेवटचा तास हातात राखूनच ठेवा. किती वाजता मागे फिरायचं तेही सकाळीच सगळ्यांसमोर ठरवून टाका. दुपारी दमलेल्या अवस्थेत, समोर "अजून एकच मनोरा" दिसत असताना हा निर्णय नीट होत नाही. हेडटॉर्च मात्र लवकर परतणार असाल तरी बॅगेत पाहिजेच.

वाट नेमकी अवशेषांपाशी का चुकते

जंगलात वाट चुकेल म्हणून सगळे घाबरतात, पण तिथे बऱ्याचदा एकच पायवाट असते. खरा गोंधळ पडक्या जागी आणि देवस्थानाशी होतो, कारण तिथे फोटोवाल्यांच्या, गुरांच्या, पाण्याकडे जाणाऱ्या, आसपासच्या वस्तीतून येणाऱ्या अशा सगळ्या वाटा एकत्र येतात. तुम्ही तासभर फिरता, दिशा विसरता आणि सगळ्यात मळलेली वाट धरून चालू पडता, ती भलत्याच गावात उतरते. म्हणून बॅग खाली ठेवायच्या आधी पुढची वाट कुठून निघते ते शोधून घ्या, आणि आलो त्या वाटेचा मागे वळून एक फोटो काढा, परतताना तीच जागा वेगळी दिसते. खुणांचा अर्थही आधी वाचून ठेवा. स्पेनमधल्या कामिनो दे सांतियागो या पायी यात्रेच्या वाटेवर पिवळे बाण असतात, फ्रान्समधल्या जीआर म्हणजे लांब पल्ल्याच्या पायवाटांवर पांढरा-लाल पट्टा असतो आणि त्याच रंगांची फुली दिसली तर इकडे जायचं नाही. स्वतःहून दगडांची चळत रचू नका, मागून येणारा ती खूण समजून चालेल.

फोनवर विसंबायचं असेल तर नकाशा आधी डाउनलोड करा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका, रेंज शोधण्यात बॅटरी फार जाते, जीपीएस बहुतेक फोनमधे तरीही चालतं. दाट झाडीत किंवा उंच भिंतीलगत ठिपका बाजूला सरकलेला दिसू शकतो, तेव्हा तो बघून लगेच झाडीत घुसू नका, मोकळ्यावर येऊन परत बघा. चुकलातच तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे जा. ओढ्याच्या कडेने खाली उतरत राहणं धोक्याचं आहे, पुढे कडा किंवा धबधबा लागू शकतो.

पडक्या भिंतींवर चढणं

हे प्लीज करू नका. दगडांमधला चुना पावसाने केव्हाच धुऊन गेलेला असतो, कित्येकदा झाडाच्या मुळांनीच भिंत धरून ठेवलेली असते आणि बाहेरून ती पक्की वाटते. गवतात झाकलेली विहीर किंवा टाकं असू शकतं, कमानीखाली मधमाश्या, सुट्या दगडांखाली साप, त्यामुळे हात घालायच्या आधी बघा. शिलालेख उठून दिसावा म्हणून खडू फासणं किंवा पाणी ओतणं ही फार वाईट सवय आहे, दगड खराब होतो. त्याऐवजी टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ लागून तिरकी धरा, पुसट अक्षरांची सावली पडते आणि फोटोही छान येतो. ढग गडगडायला लागले तर आडोसा म्हणून पडक्या मनोऱ्यात किंवा उघड्या छोट्या देवळीत शिरू नका, विजेपासून तिथे संरक्षण मिळत नाही.

देवस्थान छोटं असलं तरी जागतं असतं

रंग उडालेला, कोणी दिसत नाही म्हणून ते सोडून दिलेलं आहे असं समजू नका. ताजं फूल, दिवा, बांधलेला धागा, नाणी, काही दिसलं तर हात लावू नका. रीत जागेप्रमाणे बदलते, हिमालयातल्या बौद्ध भागात मंत्र कोरलेल्या दगडांची मणी भिंत उजव्या हाताला ठेवून पुढे जातात, जपानमधे देवस्थानासमोरचं पाणी हात-तोंड शुद्ध करायला असतं, बाटल्या विसळायला नाही. माहीत नसेल तर तिथल्या माणसाला विचारा, कोणी नसेल तर उंबऱ्याबाहेर थांबा. कोरड्या जंगलात मागे जळती मेणबत्ती किंवा उदबत्ती ठेवून जाऊ नका.

इथे पायांचाही एक प्रश्न असतो जो फारसं कोणी सांगत नाही. दर ठिकाणी बूट काढ-घाल करताना मोजे ओले होतात, वाळू आत जाते, घाईत लेस सैल बांधली जाते, आणि चार-पाच किमी नंतर फोड. दर वेळी तळवा पुसा, मोजा झटका, टाच मागे दाबून लेस बांधा. कुठे गरम झाल्यासारखं, चुरचुरल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी थांबून टेप लावा, पुढच्या स्टॉपची वाट बघू नका.

पाणी साधारण तासाला अर्धा लिटर धरा, उन्हात जास्त, आणि सोबत काहीतरी खारट खात रहा, नुसतं पाणी पीत राहिलं तर शरीरातलं मीठ कमी पडतं. झऱ्याचं पाणी घ्यावंच लागलं तर एक मिनिट खळखळून उकळा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. परत आलात की कपडे काढताना गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड आहे का बघा, असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका आणि तेल वगैरे लावत बसू नका.