सेंगीची गोष्ट सांगायची तर

सेंगी म्हणजे आफ्रिकेतला लांब नाकाचा एक छोटा सस्तन प्राणी. मुलांना तिची गोष्ट सांगताना ‘ही हत्तीची लांबची बहीण’ अशी सुरुवात करू नका. मी ती चूक केली आहे. पुढची दहा मिनिटं मुलं ‘मग सुळे कुठे?’ एवढंच विचारत बसली आणि गोष्ट राहिली बाजूला.

सुरुवात पायवाटेपासून करा. पूर्व आफ्रिकेतल्या झुडपांत तांबूस सेंगी राहते. जेमतेम 50-60 ग्रॅमचा जीव. पालापाचोळ्यातून ती स्वतःच्या वाटा काढते आणि त्या रोज झाडते. काडी दिसली की पुढच्या पायाचा एक फटकारा, काडी बाजूला. हे नुसतं सांगू नका, करून घ्या. जमिनीवर खडूने वळणावळणाची वाट काढा, वर कागदाचे कपटे पसरा. मुलाची दोन बोटं म्हणजे सेंगी. आधी सावकाश झाडत जायचं, मग तुम्ही अचानक ‘साप!’ म्हणून ओरडायचं. कपटा राहिला असेल तिथे बोटं अडखळतात. ती एवढी झाडझूड का करते, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

नाकाला सोंड म्हणू नका. ते चहूकडे वळतं, हुंगतं, पण त्याने काही उचलता येत नाही. मुंग्या आणि वाळवी ती लांब जिभेने टिपते.

प्रेमळ कुटुंबाचा मोह मात्र टाळा, मला तो फार होतो! नर-मादी एकाच हद्दीत जोडीने राहतात, पण बराचसा वेळ वेगवेगळे फिरतात. पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतं. आई दूध पाजण्यापुरती येते.

हत्ती आता आणा. लांब नाकामुळे लोकांनी तिला ‘हत्ती चिचुंद्री’ म्हटलं. पुढे डीएनए तपासला तर चिचुंद्रीशी जवळचं नातं नाहीच, हत्तीशी मात्र लांबचं निघालं! इथे मुलं हमखास हसतात. वेळ असेल तर टांझानियातली, 2008 साली नवी जात म्हणून नोंदवलेली सुमारे 700 ग्रॅमची सेंगीही सांगा.

‘तिचं घर कुठे?’ हे कोणीतरी विचारतंच. तांबूस सेंगी बीळ खणत नाही, घरटंही बांधत नाही. मी हे सांगितल्यावर एका मुलीने खडू उचलला आणि वाटेला आणखी एक फाटा काढला. म्हणाली, “साप इकडून आला तर?”