तर्कशास्त्र शिकताय? मग ‘जर-तर’ उलटं वाचू नका

मराठीत ‘तर्क लढवणं’ म्हणजे अंदाज बांधणं. अकरावीला तर्कशास्त्र घेणारी कितीतरी मुलं हाच अर्थ डोक्यात घेऊन वर्गात येतात आणि सुरुवातीलाच गोंधळतात. दिलेल्या विधानांतून निष्कर्ष खरोखर निघतो का, हे तर्कशास्त्र तपासतं. ती विधानं खरी आहेत का, हा प्रश्न वेगळा.

दोन्ही प्रश्नांची सरमिसळ झाली की असले युक्तिवाद पटतात: सर्व माकडं सस्तन आहेत, काही सस्तन प्राणी झाडावर चढतात, म्हणून काही माकडं झाडावर चढतात. तिन्ही विधानं खरी, तरी युक्तिवाद अयुक्त, म्हणजे पहिल्या दोन विधानांतून तिसरं निघत नाही. शंका आली की सांगाडा तोच ठेवून शब्द बदला. माकडांच्या जागी देवमासे घाला. आधीची दोन्ही विधानं खरीच राहतात आणि देवमासा झाडावर चढतो!

सगळ्यात जास्त माणसं घसरतात ती ‘जर-तर’वर. फ्यूज उडाला तर पंखा बंद पडतो. मग पंखा बंद पडला म्हणजे फ्यूजच उडाला का? कंडेन्सर गेला असेल, नाहीतर वीजच गेली असेल. मात्र पंखा फिरतोय, तर फ्यूज शाबूत आहे, हे अनुमान पक्कं. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ‘जर-तर’ उलटं वाचण्याची ही चूक फार सुंदर पकडली आहे. धुरावरून अग्नी ओळखता येतो, अग्नीवरून धूर नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर कुठे? धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. नुसता दोष दाखवून न थांबता नेमकं काय राहून गेलं तेही ते सांगतात, म्हणून मला हा भाग शिकवायला विशेष आवडतो.

१९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी एक कोडं मांडलं. ते आपल्या अक्षरांत असं: चार कार्डं, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर दिसतात अ, क, ४, ७. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. तो तपासायला कोणती कार्डं उलटाल? बहुतेक जण अ आणि ४ उलटतात. उत्तर आहे अ आणि ७. ४च्या मागे काहीही निघो, नियम मोडत नाही; ७च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. सत्यता कोष्टक (विधानं खरी-खोटी असण्याच्या सगळ्या शक्यतांचा तक्ता) घोकण्याआधी कागदाचे चार तुकडे घेऊन हे करून बघा. पूर्वांग (‘जर’चा भाग) खरं आणि उत्तरांग (‘तर’चा भाग) खोटं, एवढ्या एकाच ओळीत ‘जर-तर’ खोटं का ठरतं, ते लगेच कळेल.

आणि तर्कदोषांची नावं पाठ करून वादात समोरच्यावर फेकू नका. युक्तिवाद फसला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. पंखा बंद असलेल्या त्या घरात फ्यूज उडालेला असेलही. उघडून बघावा लागेल.