पेशी मरताना पाहायची असेल तर

अ‍ॅपॉप्टोसिस म्हणजे पेशीने आतूनच, ठरलेल्या क्रमाने मरणं. या कामाला नव्याने लागणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगते: जुनं मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) फेकू नका. मरायला लागलेल्या पेशी तळापासून सुटून वर तरंगतात. सवयीने मीडियम ओतून दिलं की ज्या मोजायच्या त्याच पेशी जातात, मागे उरतात त्या धडधाकट. तेव्हा आधी मीडियम ट्यूबमध्ये घ्या, मग चिकटलेल्या पेशी सोडवा आणि दोन्ही एकत्र सेंट्रिफ्यूज करा.

सुरुवात अ‍ॅनेक्झिन-व्ही हे प्रथिन आणि प्रॉपिडियम आयोडाइड (पीआय) हा रंग या जोडीने करावी. निरोगी पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद पटलाच्या आतल्या थरात असतो. अ‍ॅपॉप्टोसिस सुरू झाला की तो बाहेरच्या थरात येतो आणि हिरवा रंग जोडलेलं अ‍ॅनेक्झिन त्याला चिकटतं. लाल पीआय मात्र पटल शाबूत असेपर्यंत आत शिरत नाही. म्हणून नुसती हिरवी पेशी सुरुवातीच्या टप्प्यातली समजायची.

अ‍ॅनेक्झिनला चिकटायला कॅल्शियम लागतं. बाइंडिंग बफरमध्ये ते साधारण 2.5 मिलिमोलर असतं. पेशी सोडवायला वापरलेल्या ट्रिप्सिनसोबतचं ईडीटीए हे रसायन हेच कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे पेशी नीट धुऊन घ्याव्या लागतात. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं किंवा पेशी खरवडून काढल्या तर पटल फाटतं, अ‍ॅनेक्झिन आतल्या थरापर्यंत पोहोचतं आणि तपासायचं औषध न दिलेल्या पेशीही हिरव्या दिसतात. बिनरंगाचा नमुना, एकेक रंगाचे नमुने, औषधाविना नमुना आणि स्टॉरोस्पोरिन (अ‍ॅपॉप्टोसिस घडवणारं रसायन) दिलेला पॉझिटिव्ह कंट्रोल, यांतला एकही गाळू नका. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध तपासत असाल तर ते स्वतःच लाल चमकतं. पीआयऐवजी दुसरा रंग घ्या.

हिरवी-लाल दोन्ही चमकणारी पेशी अ‍ॅपॉप्टोसिसच्या शेवटाला पोहोचलेली असेल किंवा थेट नेक्रोसिसने (पटल फुटून) मेलेली. फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) त्या एका घटकेची मोजदाद देतो, पेशी तिथवर कशी आली ते सांगत नाही. माझा कल म्हणूनच मायक्रोस्कोपखाली टाइम-लॅप्स घेण्याकडे असतो, सोबत कॅस्पेज-3/7 चा, म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिस घडवणाऱ्या विकरांचा, रंग. या रंगाला डीईव्हीडी हा चार अमिनो आम्लांचा तुकडा जोडलेला असतो. कॅस्पेजने तो तोडला की मोकळा झालेला रंग डीएनएला चिकटतो. पेशी आकसते, पटलावर फुगे येतात, केंद्रक हिरवं उजळतं. पीआय बऱ्याच वेळाने आत येतो. हा क्रम डोळ्यांनी पाहिल्यावर फ्लोच्या आलेखातले ठिपके वेगळेच वाचता येतात.

प्रकाशानेही पेशी मरतात. एक्स्पोजर कमी ठेवा, दोन फोटोंमध्ये अंतर ठेवा आणि औषधाविना एका वेलवर (प्लेटमधल्या खळग्यावर) तितकाच प्रकाश पडू द्या. आणखी एका वेलमध्ये औषधासोबत झेड-व्हॅड-एफएमके हा कॅस्पेज रोधक घाला. तिथे केंद्रकं उजळली नाहीत, तरी पीआय आत शिरतच राहिला, तर मरणाची वाट दुसरी आहे; पुढचा प्रयोग नेक्रोस्टॅटिन-1 (नेक्रॉप्टोसिस ही दुसरी वाट अडवणारा रोधक) घालून करा.