तीन ते सात वर्षांच्या मुलांना मुंबईच्या रानात न्यायचं तर

झाडं दिसली की मुलं आपोआप रमतात, हा समज पहिल्या पंधरा मिनिटांत मोडतो. 'अजून किती चालायचं', 'मोबाईल दे', 'भूक लागली' सुरू होतं आणि मग दोष मुलांना दिला जातो. खरी चूक अंतराची असते. मोठ्यांना कुठेतरी पोहोचायचं असतं. मुलाचे डोळे मात्र जमिनीपासून मीटरभर उंचीवर असतात आणि त्याला मुंग्यांच्या रांगेपाशीच थांबायचं असतं. तेव्हा दोन तासांच्या फेरीत चालणं जाऊन-येऊन ४०० मीटरच्या आत ठेवा. बाकीचा वेळ एका झाडाखाली घालवायचा आणि पुढच्या वेळीही त्याच झाडाकडे जायचं.

पहिल्या एक-दोन खेपा भायखळ्याच्या राणीच्या बागेत करणं उत्तम. वाटा सपाट आहेत, स्वच्छतागृह जवळ आहे, जुने वृक्ष भरपूर आहेत. मुलांना सरळ पिंजऱ्यांकडे न नेता गोरखचिंचेच्या बुंध्याला किती जणांच्या हातांचा वेढा बसतो ते मोजू द्या. कैलासपतीचं फुल खाली पडलेलं असेल तर वास घेऊ द्या, पण त्याच्या खाली बसू नका. त्याची फळं जड असतात आणि सांगून पडत नाहीत. बाग बुधवारी बंद असते. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ही दुसरी पायरी. कचऱ्याच्या डेपोवर उभं केलेलं आणि १९९४ साली खुलं झालेलं हे रान मिठी नदीला लागून आहे, तिथे सावली दाट आहे आणि डासही तितकेच.

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मुलांना थांबायची सवय झाल्यावर. ते सोमवारी बंद असतं. कान्हेरी लेण्यांचा बेत त्याच दिवशी जोडू नका. लेणी मुख्य फाटकापासून कित्येक किलोमीटर आत आहेत आणि तिथून परतताना प्रत्येक पालकाच्या कडेवर एक झोपलेलं मूल असतं. राष्ट्रीय उद्यानातून पान, बी, पीस, दगड काहीही घरी आणायचं नाही. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून काही उचलून न्यायला मनाई आहे. गोळा करायची हौस सोसायटीच्या आवारात किंवा रस्त्याकडेच्या झाडांखाली भागवावी.

ऋतूंपैकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोपा. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, किडे आणि कोळी सर्वाधिक दिसतात, पण ऑक्टोबरच्या उन्हात साडेनऊनंतर मुलं कोमेजतात. मार्च ते मे सकाळी सात ते साडेनऊ एवढीच वेळ धरा. फेब्रुवारी-मार्च मात्र चुकवू नका, कारण तेव्हा पळस आणि काटेसावर फुललेली असते. सावरीचं पडलेलं जाडजूड फूल मुलाच्या तळहातावर द्या. पाच पाकळ्या सहज मोजता येतात, पुंकेसर मोजायला घेतले की पाच वर्षांचं मूल वीसनंतर आकडे स्वतः रचू लागतं. तसं करू द्यावं.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, पायघोळ, आणि पायांत बंद बूट. सँडल, क्रॉक्स नकोत. प्रत्येक मुलामागे अर्धा ते पाऊण लिटर पाणी, एक जास्तीचा मोज्यांचा जोड, साबणाचा तुकडा, पंचा. मोठ्यांच्या पिशवीत शिट्टी, चिमटा, चिकटपट्टी, डासांचं मलम. भिंग घ्यायचं तर तीनपट ते पाचपट मोठं दाखवणारं, हातभर दांड्याचं नव्हे तर मुलाच्या मुठीत मावणारं. दहापट भिंग महाग असूनही इथे निरुपयोगी ठरतं. ते वस्तूपासून दोन-अडीच सेंटीमीटरवर आणि डोळ्याला चिकटवून धरावं लागतं, जे चार वर्षांच्या मुलाला जमत नाही आणि त्याला नुसता धूसर डाग दिसतो. तीन ते पाच वयाच्या चार मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.

आता काय करायचं ते. सुरुवात दोरीने करा. तीन मीटर सुती दोरीची टोकं बांधून जमिनीवर गोल टाका. साधारण ९५ सेंटीमीटर रुंदीचं वर्तुळ होतं आणि तेवढ्यात दोन-तीन मुलं पोटावर झोपून बघू शकतात. टाकण्यापूर्वी मोठ्यांनी काठीने पाचोळा हलवून मुंग्यांचं वारूळ नाही ना ते पाहावं. जागा निम्मी उन्हात, निम्मी सावलीत निवडा, दोन्हीकडचं जग वेगळं असतं. मग एका वेळी एकच प्रश्न. आधी 'काय हलतंय?', तो संपला की 'कोणी काय खाल्लंय?', मग 'ओलं कुठे आहे?'. दुसरा प्रश्न सगळ्यात कसदार. पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखी अर्धगोल खाच दिसली तर ते पान कापणाऱ्या मधमाशीचं काम. घरट्याला अस्तर लावायला ती तुकडे नेते. पानात पांढरी नागमोडी रेघ दिसली तर आतल्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून खात गेलेली अळी. रेघ एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला रुंद असते, कारण अळी खाता खाता वाढत गेली. ही रेघ बोटाने गिरवायला मुलांना फार आवडतं. दहा-बारा मिनिटांत खेळ संपतो, त्याहून ताणू नका. दोरी लांब घेतली की मुलं बघायचं सोडून आत पळू लागतात. आणि मोठे प्रत्येक गोष्टीचं नाव सांगत सुटले की मुलं बघायचं थांबवून उत्तराची वाट बघतात.

पाचोळ्याचं ताट हा पावसाळ्यानंतरचा खेळ. पांढरं प्लास्टिकचं ताट, ओंजळभर ओला पाचोळा, जुना चमचा, मऊ ब्रश. प्राणी ब्रशने उचलायचे, बोटांनी नाही. वाणी आणि गोम यांतला फरक मोठ्यांनी आधी शिकून घ्यावा. वाणीच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, ती सावकाश चालते आणि डिवचल्यावर गुंडाळते. गोमेच्या वळ्याला एकच जोडी, ती झपकन पळते आणि चावते. गोम दिसली की ताट जमिनीवर ठेवून तिला जाऊ द्यावं. ताट उन्हात ठेवलं तर बारीक जीव काही मिनिटांत मरतात, म्हणून सावलीत दहा मिनिटं आणि मग पाचोळा जिथून घेतला तिथेच परत.

सालीचा ठसा बहुतेक जण एकदा करून बघतात आणि फसल्यावर सोडून देतात. कारण जाड ड्रॉइंग पेपर आणि पेन्सिल. कागद ७० जीएसएमचा साधा झेरॉक्सचा घ्या, मेणखडूची गुंडाळी काढा, तो आडवा धरून हलक्या हाताने घासा. टोकाने घासलं की कागद फाटतो. चारपेक्षा लहान मुलाला कागद धरणं आणि घासणं दोन्ही जमत नाही. कागद मोठ्यांनी धरावा किंवा खोडाभोवती सुतळीने बांधावा, कारण ओल्या सालीवर चिकटपट्टी टिकत नाही. ऐनाच्या चौकोनी भेगांचा ठसा सुरेख येतो. साग आणि जुना आंबाही चांगले. कोवळ्या काटेसावरीला काटे असतात, तिचा नाद करू नका. घासण्याआधी त्या जागी केसाळ सुरवंट नाहीत ना ते पाहा, ते सालीच्या रंगाचे असतात आणि घोळक्याने बसतात.

गणपतीत उरलेली शाडू असेल तर झाडाच्या बुंध्यावर चेहरे करता येतात. चार मुलांना अर्धा किलो पुरे. आदल्या रात्री पाणी शिंपडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली नाही तर तडे जातात. गोळा सालीवर जोरात दाबायचा, डोळ्यांना खाली पडलेल्या बिया, केसांना गवत. पावसाने तो आपोआप उतरतो. रंगीत क्ले किंवा प्लास्टर वापरू नका. हा खेळ सोसायटीच्या झाडावर करावा, उद्यानात नाही.

दमलेल्या मुलांसाठी आवाज मोजायचा खेळ. डोळे मिटून एक मिनिट, प्रत्येक नवीन आवाजाला एक बोट वर. पाच मिनिटं ठेवलीत तर गुदगुल्या सुरू होतात. मुंबईत लोकल, विमान, हॉर्नही मोजावेत, नाहीतर कोणाचं बोटच वर जाणार नाही. तांबट पक्ष्याचं टुक्-टुक् आणि भारद्वाजाचं घुमणं ओळखू लागली की मुलं ती इतरांना शिकवत फिरतात.

धोक्यांबाबत ढिसाळपणा नको. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, तिच्या बिया खेळायला सुंदर आणि हृदयाला विषारी. लाल-काळी गुंज चावली तर जिवावर बेतू शकते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरकडे. हिवाळ्यात वेलीवर मखमली सोनेरी शेंगा दिसल्या तर ती खाजकुइली. तिचे केस वाऱ्यानेही येतात. लागलीच तर चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढून केस काढायचे, मग साबणपाणी आणि कपडे बदलणं. सुरवंटाच्या केसांनाही हीच रीत. आंबा-जांभळावर पानं जोडून केलेला गोळा दिसला तर त्यात लाल मुंग्या असतात, फांदी हलवू नका. पावसात मोठ्या शंखाच्या आफ्रिकन गोगलगाईंना हात लावू देऊ नये, आणि रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात तर खेळूच देऊ नये. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मूत्रामुळे दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, धोका पायाला जखम असेल तर अधिक.

बोरिवली आणि आरेमध्ये बिबटे आहेत. दिवसा बोलत्या गटाजवळ ते सहसा येत नाहीत. काळजी घ्यायची ती मुलाला एकट्याने झुडपामागे लघवीला पाठवताना आणि संध्याकाळी. मूल वाकून बसलेलं असताना मोठं माणूस शेजारी उभं हवं आणि पाचच्या आत बाहेर पडायला हवं. माकडांना खाऊ दाखवू नका. वेफर्सची करकरीत पिशवी सगळ्यात वाईट, स्टीलचा डबा बरा, आणि खाणं आत जाण्यापूर्वी उरकलं तर त्याहून बरं. साप चावल्यास घट्ट बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही नाही. मुलाला स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा, थेट रुग्णालयात न्या.

घरी आल्यावर बूट दाराबाहेर झटका, कपडे लगेच धुवायला टाका. आंघोळीच्या वेळी कानांमागे, काखेत, जांघेत आणि केसांच्या मुळाशी गोचीड चिकटलेली नाही ना ते पाहा. असली तर तेल, चुना, काडी काही लावायचं नाही. चिमट्याने कातडीला टेकून पकडायची, सरळ वर ओढायची आणि जागा साबणाने धुवायची.