जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट टाकताना डिस्कच्या पानावर थांबा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. तेव्हापासून इथं कोल्हापुरात राजारामपुरीतून, गंगावेशीतून एकच प्रश्न येतोय, "कॉम्प्युटर भंगारात घालायचा काय?" अजिबात नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यांच्या यादीतला प्रोसेसर लागतो, म्हणून ती तुमच्या मशीनवर बसत नाही. मशीन धडधाकट आहे, फक्त त्याला दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम द्यायची, लिनक्स मिंट.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे तालमीतला वस्ताद. पोरं चाळीस, हौदा एक. कोण कधी उतरणार, किती वेळ खेळणार, कोण बाहेर बसणार हे तो ठरवतो. प्रोसेसरचा वेळ आणि रॅममधली जागा ती अशीच वाटून देते. डिस्कवर कुठली फाइल कुठं आहे याचा हिशोबही तिच्याकडंच असतो. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

टॅलीवर धंदा चालत असेल किंवा जुन्या मराठी फॉन्टवर डीटीपीचं काम असेल, तर या वाटेला जाऊ नका. ब्राउझर, पत्रं, हिशोबाच्या शीट, पोरांचा अभ्यास एवढंच असेल तर मिंट उत्तम. रॅम निदान ४ जीबी हवी. "२ जीबीतही पळतंय" म्हणणाऱ्यानं त्यावर एकदा दहा टॅब उघडून दाखवावेत.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल, उतरवा आणि रूफस नावाच्या प्रोग्रॅमनं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. विंडोज शेवटची बंद करताना शिफ्ट दाबून धरा. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा. मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या बूट मेनूची कळ कंपनीगणिक वेगळी, बहुधा एफ१२, एफ९ किंवा एस्केप. काहीही न बसवता आधी वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. मगच इन्स्टॉल दाबा.

आता ते पान, जिथं इन्स्टॉलर विचारतो की सिस्टिम कुठं बसवायची. बहुतेक व्हिडिओत इथं "नेक्स्ट, नेक्स्ट" सांगून मोकळे होतात. मीही तसाच नेक्स्ट दाबला होता, शाहूपुरीतल्या मावसभावाच्या मशीनवर. आत दोन डिस्क होत्या. २४० जीबीच्या एसएसडीवर विंडोज, १ टीबीच्या डिस्कवर लग्नाचे फोटो. "इरेज डिस्क" निवडलं आणि खालच्या यादीतली डिस्क न बघता पुढं गेलो. पुसली गेली फोटोंची डिस्क.

गोंधळ का होतो तेही सांगतो. विंडोज आकडा १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून २४० ची डिस्क तिथं २२३ दिसते आणि १ टीबीची ९३१. इन्स्टॉलर १००० च्या पटीत मोजतो. शिवाय सी आणि डी ही नावं विंडोजनं दिलेली. इथं त्याच डिस्क एसडीए, एसडीबी होतात, आणि एसडीए म्हणजे सी असेलच असं नाही. फोटो परत काढायला मी फोटोरेक हा पुसलेल्या फाइल शोधणारा प्रोग्रॅम तीन रात्री चालवला. हजारो फोटो मिळाले, पण एकाचंही मूळ नाव नाही, फोल्डर नाही. कारण नाव आणि जागा यांचा हिशोब मी नव्यानं मांडायला लावला होता. वहिनी अजून तो विषय काढतात.

म्हणून माझा नियम एकच : जिला हात लावायचा नाही, त्या डिस्कची केबल काढा. मशीन बंद, प्लग बाहेर, झाकण उघडा, केबल बाजूला. मग चुकायला दुसरी डिस्कच उरत नाही. "नीट वाचलं की पुरे" हा सल्ला मला देऊ नका. रात्री अकराला कोणी नीट वाचत नाही.

विंडोज शेजारी ठेवायचीच असेल, तर तिची जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा आणि ईएफआयचं छोटं पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइल असलेला डिस्कचा भाग, फॉरमॅट करू नका. जुन्या मशीनवर हा खटाटोप मी करत नाही.

पुढं नाव, पासवर्ड, वीस मिनिटं. मग अपडेट आणि मराठी की-बोर्ड.

शेवटी मशीन बंद करून केबल परत लावा. जुनी डिस्क फाइल मॅनेजरमध्ये दिसेल. ती उघडते पण त्यावर काही लिहिता येत नसेल, तर शिफ्ट दाबायचं राहिलं. फास्ट स्टार्टअप चालू असताना विंडोज पुरती बंद होत नाही, अर्धी झोपते, आणि डिस्कवर तशी खूण राहते.