खानदेशात राहून संगीत-शिक्षक घडवण्याच्या आणि संगीत-शिक्षणावरील संशोधनाच्या क्षेत्रात कसे यावे

अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आंतरवासितेसाठी, म्हणजे सराव-अध्यापनासाठी, गेलेला आमचा एक छात्राध्यापक चौथीच्या वर्गाला प्रार्थना शिकवत होता. पेटीवर त्याने स्वतःच्या सोयीची काळी एक ही पट्टी धरली होती आणि त्याचा सूर पक्का होता. तरीही मागच्या दोन रांगांतली मुले घशातल्या घशात घुमल्यासारखी गुणगुणत होती. सरांचा खर्जातला आवाज जसाच्या तसा काढायचा, अशी त्यांची समजूत झाली होती. तोच सूर आपल्या आवाजात वरच्या सप्तकात लावायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शेजारच्या पाचवीतल्या एका मुलीला बोलावून तीच ओळ म्हणायला लावली, तेव्हा दुसऱ्या खेपेला बहुतेक वर्ग सुरात आला. लहान मुलांना पुरुषी खालच्या आवाजापेक्षा बाईंचा किंवा बरोबरीच्या मुलाचा आवाज उचलणे सोपे जाते, ही गोष्ट गाण्याच्या कोणत्याही परीक्षेत विचारली जात नाही. ती वर्गात बसून शोधणे आणि उद्याच्या शिक्षकाला शिकवणे, हे या क्षेत्राचे खरे काम आहे.

या कामासाठी पात्रतेचा विचार लवकर करावा लागतो, कारण उशीर झाला की वर्षे वाया जातात. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद किंवा अलंकार ही परीक्षा गळ्याची तयारी दाखवते. पण ती विद्यापीठाच्या पदवीसमान धरली जाईलच असे गृहीत धरू नये. माझ्या एका विद्यार्थिनीने ते गृहीत धरले आणि एम.ए.च्या प्रवेशाच्या वेळी तिचे पूर्ण वर्ष बुडाले. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या विद्यापीठाकडून समकक्षतेचे उत्तर लेखी घ्यावे. सहायक प्राध्यापकपदासाठी संगीतात 55 टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य पातळीवरील) ही पात्रता परीक्षा हा सरळ रस्ता आहे. नेटमध्ये दोन पेपर मिळून 150 प्रश्न, 300 गुण आणि तीन तास असतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत परंपरेने शिकलेल्या कलावंतासाठीही वाट ठेवलेली आहे. परंतु तिला आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी, पदवी आणि विषय तर्कशुद्धपणे समजावून सांगण्याची क्षमता लागते, त्यामुळे ती वाट मोजक्याच लोकांची आहे.

आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसलेले दार बी.एड. महाविद्यालयांचे आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीने दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये ‘शिक्षणातील नाट्य आणि कला’ हा घटक आणला, आणि दरवर्षी शंभर विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयासाठी जे सोळा अध्यापक ठरवले, त्यांत संगीत, नृत्य किंवा नाट्य यांपैकी एका प्रयोगकलेचा एक अध्यापक धरला. प्रत्यक्षात ही जागा अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर चालते किंवा दुसऱ्याच विषयाच्या अध्यापकाकडे सोपवली जाते, हे दुखणे आहे आणि त्यावर बोलायलाच हवे. तरीही संगीतातील एम.ए.च्या जोडीला तुमच्याकडे बी.एड. आणि शक्य झाल्यास एम.एड. असेल, तर मुलाखतीत तुम्ही नुसते गायक उरत नाही.

पीएच.डी.साठी आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रमासह किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात, शिवाय नोकरी सांभाळून अर्धवेळ नोंदणीही करता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तेथे आपल्या विषयाचा मार्गदर्शक मिळतो का, हे आधी पाहावे. न मिळाल्यास मुंबई, पुणे, बडोदा आणि 1956 साली स्थापन झालेले खैरागडचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय यांचा विचार करावा. नंदुरबारकराला बडोदा आणि भुसावळकराला खैरागड रेल्वेने वाटते तितके दूर नाही.

आता विषयाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळे येथेच घडते किंवा बिघडते. ‘अमुक रागाचा अभ्यास’ किंवा ‘तमुक घराण्याचे योगदान’ अशी शीर्षके शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, शेकड्यांनी सापडतील. तुम्ही आणखी एक घालून काही साधणार नाही. त्यापेक्षा वर्गात अडलेली गोष्ट उचला. अहिराणी बोलणाऱ्या पहिलीच्या मुलाला घरच्या बोलीतले गाणे आधी शिकवले, तर पाठ्यपुस्तकातली कविता तो अधिक सुरात म्हणतो का? डोंगऱ्या देवाच्या आदिवासी उत्सवात पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्य ऐकत वाढलेल्या साक्री-नवापूर भागातल्या मुलाचा कान पेटीच्या बारा सुरांशी कुठे अडखळतो? असा प्रश्न एका शाळेत, एका वर्षात, एका माणसाला तपासता येतो, आणि शिक्षक-प्रशिक्षणाला त्याचे उत्तर लगेच वापरता येते.

यासाठी गाणी गोळा करावी लागतील. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे वकिली बाजूला ठेवून गावोगावच्या उस्तादांकडून चिजा, म्हणजे बंदिशी, मिळवत हिंडले. तीच चिकाटी आपल्याला आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई या सणांच्या आणि जात्यावरच्या गाण्यांसाठी हवी. वेळ ओळखून जावे. कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांना मान वर करायला फुरसत नसते, तर आखाजीला झोका बांधलेला असतो आणि गाणे आपसूक येते. एका आजींनी अंगणात बसून ओवी म्हणायला घेतली आणि दोन ओळींतच थांबल्या. मग त्यांनी जात्याजवळ जाऊन खुंटा हातात धरला, रिकामेच जाते फिरवले, आणि तब्बल अकरा ओव्या सलग म्हटल्या. चाल त्यांच्या हाताला आठवत होती. तेव्हापासून मी ध्वनिमुद्रणासोबत कामाची हालचालही चित्रित करतो.

मुद्रणापूर्वी परवानगी घ्यावी आणि ती कशासाठी, हे अहिराणीतच समजावून सांगावे. मोबाइल विमान मोडवर टाकावा आणि शक्य असेल तर वेव्ह (WAV) या आवाज न दाबणाऱ्या फाइल-स्वरूपात मुद्रण करावे. नोंदीत गायिकेचे सासर लिहिताना माहेरही लिहावे, कारण बाईचे गाणे बहुधा माहेरून आलेले असते आणि नुसते सासरचे गाव लिहिल्यास गाण्याचा प्रदेशच चुकतो. शब्दांना प्रमाण मराठीचे इस्त्री केलेले रूप देऊ नये. भातखंडे लिपीत, म्हणजे कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ आणि सप्तकासाठी खाली-वर टिंब या पद्धतीने, स्वर लिहावेत. पण लोकगीतातला गंधार कोमल आणि शुद्धाच्या मध्ये कुठेतरी उभा राहिला, तर त्याला ओढून एका घरात बसवू नये. प्राट नावाची मोफत संगणक प्रणाली सुराची रेघ काढून दाखवते. ती रेघ स्वरलिपीशेजारी ठेवावी.

या सगळ्या धावपळीत रियाझ सुटतो, आणि तो सुटलेला छात्राध्यापकांना पहिल्या तासालाच कळतो. सकाळचा एक तास तानपुऱ्यासाठी राखलाच पाहिजे.

सुरुवात मात्र नोंदणीची वाट न पाहता करता येते. जवळच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आठवड्यातून एक तास मागावा आणि दोनशे पानी वहीत दर तासाला चार गोष्टी लिहाव्यात: पट्टी कोणती धरली, कोणती ओळ अडली, कोणत्या मुलाने ती सोडवली आणि कशी. सहा महिन्यांनी हीच वही संभाव्य मार्गदर्शकापुढे ठेवावी.