‘जेवले नाहीत’ आणि ‘हल्ली जेवत नाहीत’: पोर्तुगालात नव्याने आलेल्यांसाठी

लिस्बनजवळच्या एका वृद्धाश्रमात मी पहिल्याच वर्षी मदतनीस म्हणून लागले. वृद्धाश्रमाला इथे ‘लार’ म्हणतात. पाळी बदलताना जाणारीने येणारीला प्रत्येक खोलीची हकीगत सांगायची असते, त्याला ‘पसाझें द तुर्नु’ म्हणतात. त्या आठवड्यात एक आजोबा जेवणाला हातच लावत नव्हते. सूपचे दोन चमचे जेमतेम घ्यायचे आणि ताट सरकवायचे. पाव तर कुस्करून तसाच ठेवायचे. मी ते रोज बघत होते आणि रोज पाळी संपताना नर्सबाईंना सांगत होते, “नांउ कुमेउ.” जेवले नाहीत. नर्स रोज वेगळी असायची. प्रत्येकीने मान डोलावली, त्या दिवशीचं दुपारचं जेवण घेतलं नाही अशी नोंद केली आणि पुढच्या खोलीकडे गेली. एक जेवण चुकलं तर कोणी धावपळ करत नाही.

चौथ्या दिवशी माझ्याबरोबरच्या ब्राझीलच्या बाईने तीच गोष्ट सांगितली, पण ती म्हणाली, “नांउ तें कुमीदु.” नर्स जागच्या जागी थांबली. “देझ्द क्वांदु?” कधीपासून? लगेच वजन केलं, तोंड उघडायला लावलं, कवळी काढली. हिरडीला खोल जखम झाली होती. चार दिवस मी खरंच बोलत होते, पण काळ चुकत होता. मी सांगत होते ‘आज जेवले नाहीत’, आणि सांगायचं होतं ‘हल्ली जेवतच नाहीत’.

म्हणून कोणी नवीन आलं आणि भाषेची सुरुवात कुठून करू असं विचारलं की मी ‘तें कुमीदु’च्या या एका काळाबद्दल आवर्जून सांगते. वर्गात तो उशिरा येतो. आमच्या शिक्षिकेने शेवटच्या महिन्यात एका तासात उरकला होता. रोजच्या जगण्यात मात्र तो पहिल्या आठवड्यापासून लागतो.

आधी बांधणी सांगते, ती सोपी आहे. ‘असणे, जवळ असणे’ या अर्थाचं ‘तेर’ हे क्रियापद वर्तमानकाळात घ्यायचं: मी ‘तेन्यु’, तू ‘तेंश’, तो-ती आणि मान देऊन म्हटलेलं ‘आपण’ ‘तें’, आम्ही ‘तेमुश’, ते ‘तेंयें’. त्याला मुख्य क्रियापदाचं भूतकाळी धातुसाधित जोडायचं. ‘-आर’ची क्रियापदं ‘-आदु’ होतात, ‘-एर’ आणि ‘-ईर’ची ‘-ईदु’. म्हणजे त्रबल्यार (काम करणे) याचं त्रबल्यादु, कुमेर (खाणे) याचं कुमीदु, दुर्मीर (झोपणे) याचं दुर्मीदु. काही नियमात बसत नाहीत आणि नेमकी तीच रोज लागतात: फेय्तु (केलेलं), दीतु (सांगितलेलं), वीश्तु (पाहिलेलं), इश्क्रीतु (लिहिलेलं), पोश्तु (ठेवलेलं), आबेर्तु (उघडलेलं), विंदु (आलेलं). ही पाठच करा. आणि ‘पागु’, म्हणजे दिलेले पैसे. हा शब्द तर ओळखीचाच वाटेल, कारण आपला ‘पगार’ याच ‘पागार’ क्रियापदाच्या घरातून आलाय.

आता अर्थ. इथेच आपण सगळे घसरतो. ‘तेन्यु कुमीदु’ची फोड केली तर ‘आहे’ आणि ‘खाल्लेलं’. मराठी मनाला वाटतं, हे तर ‘मी खाल्लं आहे’. शाळेत शिकलेला पूर्ण वर्तमानकाळ. इंग्रजीतून शिकलेल्यांची आणखी पंचाईत होते, कारण इंग्रजीतही बांधणी अशीच आहे आणि अर्थ ‘खाल्लं आहे’ असाच आहे. पोर्तुगीजमध्ये तसं नाही. रूप पूर्ण वर्तमानकाळाचं आहे, अर्थ मात्र आपल्या रीती वर्तमानकाळाच्या जवळचा: काही दिवसांपासून पुन्हापुन्हा घडतंय आणि अजून थांबलेलं नाही.

मी माझ्यापुरती एक खूण ठरवली. वाक्य आधी मराठीत मनात म्हणायचं आणि त्याच्या पुढे ‘हल्ली’ लावून बघायचं. ‘हल्ली मला झोप लागत नाहीये’, ‘हल्ली फार काम पडतंय’, ‘हल्ली तो सारखा येतोय’. वाक्य जुळलं तर ‘तेन्यु’ लावा: नांउ तेन्यु दुर्मीदु बें, तेन्यु त्रबल्यादु मुइंतु, एल तें विंदु का. पण ‘-लंय’, ‘-लेय’ने संपणारं वाक्य असेल (‘मी जेवलेय’, ‘पत्र आलंय’, ‘काम झालंय’) तर ‘तेन्यु’ला हात लावू नका. तिथे साधा भूतकाळ.

दुपारी सहकारी विचारतात, “झा आल्मुसाश्त?” जेवलीस का? आपल्याकडे विचारतात तसंच, अगत्याने. उत्तर, “झा आल्मुसेय,” किंवा नुसतं “झा.” इथे ‘तेन्यु आल्मुसादु’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, ही बाई आधी दुपारची उपाशी राहायची, आता हल्ली जेवू लागली आहे.

चावीचं उदाहरण तर घरमालकाशी बोलताना महाग पडू शकतं. चावीला इथे ‘शाव्ह’ म्हणतात. आपली चावी हीच. चावी हरवली आहे, एकदाच, आजच. तर “पेर्दी आ शाव्ह” म्हणा. “तेन्यु पेर्दीदु आ शाव्ह” याचा अर्थ होतो, मी हल्ली सारखी चावी हरवतेय. कुठला घरमालक हे ऐकून शांत राहील?

मोजणीचंही लक्षात ठेवा. किती वेळा ते ठाम सांगायचं असेल तर हा काळ चालत नाही. ‘या महिन्यात तीनदा दवाखान्यात गेले’ हे झालं-संपलं, म्हणून ‘फुइ त्रेश व्हेझश’. पण ‘हल्ली आठवड्याला तीनदा जातेय’ ही रीत आहे, तिथे ‘तेन्यु ईदु’ चालतं. आणि ‘मी नऊ वर्षांपासून इथे राहतेय’ याला साधा वर्तमानकाळ पुरतो: “वीवु का आ नॉव्ह आनुश.” आपणही मराठीत ‘राहतेय’ असंच म्हणतो, त्यामुळे हे अवघड जाऊ नये. तरी मी किती जणांच्या तोंडून इथे ‘तेन्यु’ ऐकलंय. कचेरीत ‘कधीपासून राहता’ असं विचारतील तेव्हा हे साधं वाक्यच बोला.

आता एक जोडी, जी मला या भाषेत सगळ्यात आवडते. ‘तेन्यु फेय्तु आ कुमीदा’ आणि ‘तेन्यु आ कुमीदा फेय्ता’. शब्द तेच चार. पहिल्याचा अर्थ, हल्ली स्वयंपाक मीच करतेय. दुसऱ्याचा अर्थ, स्वयंपाक करून ठेवलाय. दुसऱ्या वाक्यात ‘तेन्यु’ खरोखर ‘माझ्याजवळ आहे’ या अर्थाने आलंय. जेवण माझ्याजवळ आहे, केलेलं. म्हणून तिथे ‘फेय्ता’ हे स्त्रीलिंगी रूप, कारण ‘कुमीदा’ स्त्रीलिंगी. पहिल्यात मात्र ‘फेय्तु’ कधीच बदलत नाही. आपण ‘पोळी खाल्ली, भात खाल्ला’ असं कर्माप्रमाणे क्रियापद बदलणारे लोक, त्यामुळे आपली जीभ तिथेही ‘आ’कार लावायला जाते. बोलणारी बाई असली तरी ‘तेन्यु त्रबल्यादु’च. ‘त्रबल्यादा’ नाही. विशेषण असेल तर तेवढं मात्र बदलतं: ‘तेन्यु म संतीदु कांसादा’, हल्ली मला थकल्यासारखं वाटतंय (‘म’ म्हणजे मला). संतीदु तसंच राहिलं, कांसादा बाईचं झालं. नकार आला की ‘म’ ‘तेन्यु’च्या आधी येतो: ‘नांउ म तेन्यु संतीदु बें’. पुढे डॉक्टरसमोर हेच वाक्य उपयोगी पडेल.

बसमध्ये, कामावर तुम्हाला बोलण्याची आणखी एक तऱ्हा सतत ऐकू येईल: ‘आंदु आ श्तुदार’, म्हणजे हल्ली अभ्यास करतेय. ‘आंदार’ म्हणजे चालणे, फिरणे. ‘आंदु आ’ आणि पुढे क्रियापद जसंच्या तसं, धातुसाधिताचा त्रास नाही. पोर्तुगालात हे फार चालतं आणि ‘तेन्यु’पेक्षा घरगुती वाटतं. ब्राझीलची माणसं तेच ‘आंदु’ घेतात, पण पुढचं रूप आपल्या ‘करत’, ‘झोपत’सारखं वापरतात. जीभ अडखळली तर ‘आंदु आ’चा आधार घ्या, पण कान ‘तेन्यु’साठी तयार ठेवा, कारण समोरचा तेच बोलणार आहे.

उदाहरणार्थ, लिफ्टमध्ये शेजारची आजी. हिवाळ्यात इथे पाऊस पडतो, जुन्या घरांत बहुधा घर गरम ठेवायची सोय नसते, भिंतींवर बुरशी चढते, आणि सगळे हवामानावर बोलतात: “तें शुवीदु मुइंतु,” हल्ली फार पाऊस पडतोय. “तें फेय्तु फ्रीउ,” हल्ली थंडी पडतेय. नुसतं ‘सीं’ (हो) म्हणून गप्प बसू नका. तिचंच वाक्य उलट म्हणा. माझी जीभ याच लिफ्टमध्ये सुटली.

वडीलधाऱ्या माणसाला काही दिवसांनी भेटलात तर “कोमु तें पसादु?” असं विचारा. कसे आहात, हे दिवस कसे गेले. ‘तुदु बें’ (सगळं ठीक ना) सगळेच म्हणतात. या प्रश्नात मात्र मधल्या दिवसांची विचारपूस आहे. लारमध्ये मी सकाळी खोलीत शिरले की हेच विचारते. नुसतं बरं-वाईट सांगून कोणी थांबत नाही. रात्र कशी गेली, मुलगा आला नाही, गुडघा कसा दुखतोय, सगळं येतं.

तुम्हाला कोणी विचारलं आणि दिवस जड जात असतील तर त्याचंही वाक्य याच काळात आहे: “तें सीदु दिफीसिल.” हल्ली कठीण जातंय. पहिल्या हिवाळ्यात हे मोकळेपणाने बोला. माझ्या अनुभवात इथली माणसं ते ऐकून मागे सरत नाहीत, जवळ येतात.

भूतकाळातलं ‘तीन्या’ बिनधास्त वापरा. ‘तीन्या कुमीदु’ म्हणजे ‘जेवले होते’, आपल्या मराठीसारखंच, कुठेही फसवत नाही. वर्तमानातल्या ‘तेन्यु’चा एकच अपवाद ऐकाल: भाषण संपवताना वक्ता ‘तेन्यु दीतु’ म्हणतो. ‘मला सांगायचं ते सांगून झालं.’ ते ठरलेलं जुनं बोलणं आहे, त्यावरून नियम करू नका.

घरमालक बदलताना जुना हिशेब विचारतात. “तेन्यु पागु सेंप्र आ रेंदा आ तेंपु,” भाडं मी नेहमी वेळेवर देत आलेय. ‘देत आलेय’ हेही आपल्याकडचं जवळचं रूप आहे, ‘हल्ली’ बसत नसेल तिथे हे लावून बघा.

आणि शेवटी दवाखाना. आरोग्यसेवेचा फोन क्रमांक ८०८ २४ २४ २४ आजच मोबाइलमध्ये ठेवा. फोनवर हातवारे चालत नाहीत, चेहरा दिसत नाही. सगळा भार क्रियापदावर असतो. ताप एकदा येऊन गेला असेल तर “तीव्ह फेब्र”. येतोय-जातोय, अजून चालू आहे, तर “तेन्यु तीदु फेब्र”. मुलाचं सांगताना “तें तीदु फेब्र”, “नांउ तें कुमीदु”, “तें दुर्मीदु माल”. पुढचा प्रश्न ठरलेला आहे, “देझ्द क्वांदु?” त्याचं उत्तर फोन लावण्याआधी कागदावर लिहून ठेवा. सोमवार ते शुक्रवार या वारांची नावं इथे आकड्यांनी आहेत आणि सोमवारला ‘दुसरा’ म्हणतात, त्यामुळे घाबरलेल्या माणसाकडून एक दिवस इकडेतिकडे होतो. “देझ्द सगुंदा,” सोमवारपासून. हे वाक्य दोनदा मोठ्याने म्हणून बघा आणि मग नंबर फिरवा.